अपडेट अडकलंय कुठे ते तरी सांगा

गोव्यात फोन दुकानातून कमी आणि सुटकेसमधून जास्त येतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. कुणाचा भाऊ दुबईत, कुणाचा काका कुवेतला, कुणाचा मेव्हणा बोटीवर, कुणाची बहीण लंडनच्या बाजूला, आणि चतुर्थीला माणूस घरी आला की परफ्यूम, चॉकलेटं आणि एक फोन हे ठरलेलंच. फोन वापरलेला असला तरी चांगला असतो. मग काही महिन्यांनी शेजारच्याच्या त्याच मॉडेलला नवीन अँड्रॉइड येतं आणि ह्याला येत नाही, म्हापशाच्या दुकानात नेला की दुकानवाला सेटिंगमध्ये आत आत जाऊन बारीक अक्षरातला एक कोड बघतो आणि सांगतो, हा तिकडच्या कंपनीचा पीस आहे, ह्याचं अपडेट तिकडूनच येणार.

ही तिकडची कंपनी म्हणजे बऱ्याच वेळा फोन बनवणारी नसतेच, ती असते सिमवाली. सॅमसंगच्या फोनात सीएससी म्हणून तीन अक्षरांचा कोड असतो. ब्रिटनमध्ये सुटा, म्हणजे कुठल्याही नेटवर्कला न बांधता, विकलेला फोन असेल तर बीटीयू, ईई ह्या नेटवर्कने विकला असेल तर ईव्हीआर, अमेरिकेत व्हेरायझनचा असेल तर व्हीझेडडब्ल्यू, आणि कुठलं सॉफ्टवेअर कधी मिळणार ते बऱ्याच पीसमध्ये ह्या तीन अक्षरांवर ठरतं. म्हणजे फोन पेडण्यात, सिम इथलं, रिचार्ज इथला, आणि अपडेट मात्र परदेशातल्या नेटवर्कने पास करेपर्यंत थांबणार, त्या नेटवर्कचा टॉवर पेडण्यापासून हजारो किलोमीटरवर असला तरी.

ह्यावरून लोक सिमवाल्यांना शिव्या घालतात आणि मलाही वाटायचं की बरोबरच आहे. पण थोडं खोलात गेलं की दिसतं की भारतात सिमवाले अपडेट फारसे अडवतच नाहीत, आपण फोन सुटा घेतो, पूर्ण पैसे देऊन घेतो, तरीही अपडेट उशिरा येतात किंवा येतच नाहीत. कारण ते कधी द्यायचं आणि किती वर्षं द्यायचं हे आपल्याकडे कुणाच्याच गळ्यात कायद्याने बांधलेलं नाही. मग चिपवाला फोनवाल्याकडे बोट दाखवतो, फोनवाला सिमवाल्याकडे, सिमवाला फोनवाल्याकडे, आणि कस्टमर केअरचा माणूस म्हणतो सर सून, व्हेरी सून.

अमेरिकेत हा प्रकार कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगतो. तिकडे फोन मिळायचा तो सिमवाल्याच्या दुकानात, दोन वर्षांचा करार केला की फोन स्वस्तात. विकणारा तो, पैसे हप्त्याने घेणारा तो, बिघडला की शिव्या खाणारा तो, साहजिकच त्याने ठरवलं की माझ्या नेटवर्कवरच्या फोनात काय जाणार ते मी ठरवणार. ॲपलने २००७ मध्ये आयफोन आणताना ही गोष्ट मान्य केली नाही, सॉफ्टवेअर आमचं, आम्ही देणार. म्हणून आयफोनचं अपडेट जगभर एकाच दिवशी येतं. अँड्रॉइडकडे ती ताकद नव्हती, तिथे गुगल कोड देणार, क्वालकॉम किंवा मीडियाटेक तो चिपसाठी जुळवणार, मग सॅमसंग-मोटोरोला त्यावर आपले रंग चढवणार आणि शेवटी सिमवाला लॅबमध्ये तपासून सही करणार. काही सापडलं की परत मागे, परत रांग. २०१२ मध्ये गुगलच्या स्वतःच्या गॅलेक्सी नेक्सस फोनलासुद्धा ह्यातून सुटका मिळाली नाही, जेली बीन हे व्हर्जन सुट्या नेक्ससला जुलैत मिळालं आणि व्हेरायझनवाल्या नेक्ससला सप्टेंबरात. आणि त्याच्या आदल्या वर्षी, मे २०११ मध्ये, गुगलने सगळ्या मोठ्या कंपन्या आणि नेटवर्कना सोबत घेऊन घोषणा केली होती की नवीन फोनला १८ महिने अपडेट मिळतील. पुढे त्याचं काय झालं कुणी विचारू नका. सक्ती काहीच नव्हती, बहुतेकांनी पाळलं नाही, कुणाला दंडही झाला नाही.

आता सिमवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता त्रागा होईल. ते म्हणतात फोन म्हणजे लॅपटॉप नव्हे, त्यावरून माणूस ॲम्ब्युलन्स बोलावतो. हे खोटं नाही. २०२१ च्या शेवटी अमेरिकेत गुगलच्या एका पिक्सेल फोनवरून ९११ हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लागलाच नाही, कारण निघालं मायक्रोसॉफ्ट टीम्स ॲप आणि अँड्रॉइड ह्यांच्यातला एक विचित्र बग, गुगलला जानेवारीत दुरुस्ती पाठवावी लागली. असं काही इथे १०८ किंवा ११२ च्या बाबतीत झालं, सत्तरीच्या आतल्या गावात रात्री कुणाला साप चावलाय आणि फोन नुसता फिरत राहिलाय, तर तुम्ही-मी सगळे म्हणू की टेस्टिंग न करता अपडेट सोडलंच कसं. तर टेस्टिंग हवंच.

पण त्याच नाण्याची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात दिसली. तिथे ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ३जी नेटवर्क बंद झालं, मग कळलं की काही जुन्या सॅमसंग फोनवरून विशिष्ट परिस्थितीत ट्रिपल झिरो हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिडनीत एका ग्राहकाचा मृत्यू झाला आणि त्याच्या फोनमध्ये जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यावरून हा नंबर लागू शकत नव्हता, असं तिथल्या नेटवर्क कंपनीने स्वतःच जाहीर केलं. म्हणजे घाईचं अपडेट धोक्याचं हे जितकं खरं, तितकंच न पोचलेलं अपडेट धोक्याचं हेही खरं, आणि कंपन्या आपल्याला नेहमी पहिलाच अर्धा भाग ऐकवतात.

सिक्युरिटीच्या बाबतीत तर उशीर म्हणजे सरळ चोराला वेळ देणं. अँड्रॉइडचं सिक्युरिटी बुलेटिन, म्हणजे बुजवलेल्या भोकांची यादी, जाहीर होतं त्याच्या निदान एक महिना आधी फोन कंपन्यांना त्यातली भोकं कळवलेली असतात. मग ते जाहीर झालं की सगळ्या जगाला कळतं कुठलं भोक बुजवलं, ज्याच्या फोनात बुजवलेलं नाही त्याच्यासाठी ती जवळजवळ जाहिरातच झाली. ही बुलेटिनं सुरू झाली तीसुद्धा एका मोठ्या धक्क्यानंतर, जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं भोक उघडं पडलं, नुसता एक एमएमएस येऊन फोन ताब्यात जाऊ शकत होता, आणि अंदाज होता की साधारण ९५ टक्के अँड्रॉइड फोन त्यात येतात. आता गंमत बघा, त्या वेळी जर्मनीतल्या डॉइच टेलिकॉमने ताबडतोब एमएमएस आपोआप डाऊनलोड होणं थांबवलं. म्हणजे सिमवाल्याने मनावर घेतलं तर थोड्याच दिवसांत हालचाल होते. अपडेट पोचवायचं म्हटलं की मात्र त्याच लोकांना महिने लागतात.

अमेरिकेतल्या दोन सरकारी संस्थांनी, दूरसंचारवर लक्ष ठेवणारी एफसीसी आणि ग्राहकांचं हित बघणारी एफटीसी ह्यांनी, मे २०१६ मध्ये नेटवर्क कंपन्या आणि आठ फोन-सॉफ्टवेअर कंपन्यांना विचारलं की बाबांनो हे तुम्ही ठरवता कसं. एफटीसीचा रिपोर्ट २०१८ मध्ये आला आणि त्यात जे होतं ते वाचून डोक्याला हात लावावा असं आहे, फोनला किती काळ आधार मिळणार ह्यात कसलाच मेळ नाही, बऱ्याच कंपन्यांकडे स्वतःच्या अपडेटची धड नोंदसुद्धा नाही, आणि ग्राहकाला तर फारसं काही कळवलेलंच नाही. त्यांनी सुचवलं की निदान किती काळ अपडेट देणार ते सांगा, आणि सिक्युरिटीचं अपडेट नवीन इमोजी-वॉलपेपरच्या गाठोड्यात न बांधता वेगळं पाठवा. साधी गोष्ट. गुगलही आपल्या परीने त्याच दिशेने गेलं, २०१७ मध्ये ट्रेबल, म्हणजे अँड्रॉइड आणि चिपवाल्याचा कोड वेगळे केले, आणि २०१९ मध्ये मेनलाइन, म्हणजे अँड्रॉइडचे काही तुकडे सिमवाल्याला किंवा फोनवाल्याला न विचारता थेट प्ले स्टोअरच्या वाटेने बदलता येतात. पण मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग), कॅमेरा, चिपचा ड्रायव्हर हे अजून त्या जुन्याच वाटेने येतं.

आता आपल्याकडे. भारतातही सिमवाल्यांनी हा खेळ करून बघितला होता, ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी आला तो एअरटेल आणि व्होडाफोनच्या दुकानांत, ८ जीबीला ३१,००० रुपये, आणि वर लॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नाही. पूर्ण पैसे घेऊन लॉक! ते इथे चाललं नाही. नंतर जिओफोन वगैरे आले तेवढेच. म्हणून आपण समजतो की आपण ह्या कटकटीतून सुटलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये कळलं की सुटलेलो नाही. १ तारखेला पंतप्रधानांनी ५जी सुरू केलं, आणि ज्यांनी दोन वर्षांपूर्वी ५जी म्हणून आयफोन १२ घेतला होता त्यांच्या फोनात ५जी दिसेना. फोन तयार, टॉवर तयार, मधली चावी नाही, कारण भारतातल्या नेटवर्कसाठी ते चालू करणारं सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेलं नव्हतं, जिओचं ५जी एका पद्धतीचं, एअरटेलचं दुसऱ्या, प्रत्येकासोबत वेगळं टेस्टिंग. मग सरकारने कंपन्यांना मीटिंगला बोलावलं, आणि डिसेंबरच्या मध्यावर आयओएस १६.२ आलं तेव्हा कुठे आयफोनवर ५जी सुरू झालं. तीन महिन्यांच्या आत. ह्यातून दोन गोष्टी दिसतात, एक म्हणजे सुट्या फोनलाही नेटवर्कचा दोर बांधलेला असतोच, आणि दुसरी म्हणजे वरून कुणी विचारलं की काम होतं. तेव्हा विचारलं कारण ५जी ही देशाच्या इभ्रतीची गोष्ट होती. काणकोणातल्या कुणाच्या दोन वर्षं जुन्या बारा हजारांच्या फोनला सिक्युरिटी पॅच नाही ही कुणाच्याच इभ्रतीची गोष्ट नाही.

आणि सिमवाल्यांचा आपल्याकडचा खरा अडथळा वेगळाच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. दिवसाला दीड जीबीचा पॅक. मोठं अपडेट असतं दोन-तीन जीबीचं. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याला हे कळणारच नाही, पण धारबांदोड्यात किंवा सांग्यात जिथे फायबर गेलेलं नाही आणि मोबाईलचा एक दांडा येतो-जातो (२०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर जाऊन बसत होती, आठवत असेल), तिथे माणूस अपडेट मारणार कधी? अर्धं उतरलं की पॅक संपला, उरलेलं उद्या, उद्या नेटवर्क नाही. नोटिफिकेशन तसंच वर लोंबकळत राहतं, शेवटी बोटाने सरकवून टाकायची सवय होते. कुणी म्हणेल की मग अपडेटचा डेटा फुकट करा. तर ते इतकं सोपं नाही, ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम केलाय की कुठली वेबसाइट किंवा सेवा बघता त्यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, आणि तो नियम चांगलाच आहे, त्याला हात लावू नये. पण रात्री बारा ते सहा सगळ्यांना सगळंच अनलिमिटेड, असे पॅक व्हीआयने विकलेच आहेत, त्यात कुठल्याही सेवेला झुकतं माप नाही. महिन्यातल्या दोन रात्री सगळ्या प्रीपेड ग्राहकांना असं दिलं तर कुठला नियम मोडत नाही आणि रात्रीच्या वेळी टॉवर तसेही मोकळेच असतात.

आता लोकांना अपडेट नकोच असतं हा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण कंपन्या ह्याच्याच आड लपतात. तुम्ही मडगावात किंवा फोंड्यात कुठल्याही रिपेअरवाल्याकडे उभे राहा, तो सांगणार, अपडेट मारू नका हां, बॅटरी जाते, स्क्रीनवर रेघ येते, फोन तापतो. आपण हसतो, अडाणी म्हणतो. पण तो रोज असे फोन बघतो, अपडेटनंतर डिस्प्लेवर हिरवी रेघ आलेले फोन भारतात इतके निघाले की कंपन्यांना स्क्रीन फुकट बदलून द्यायची योजना काढावी लागली. आणि बाहेरच्या देशातही हे सिद्ध झालेलं आहे, ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीतल्या स्पर्धा आणि ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड लावला, कारण त्यांच्या अपडेटनी जुने फोन संथ झाले होते आणि ग्राहकाला नीट सांगितलं नव्हतं. तेव्हा भीती ही लोकांच्या अडाणीपणातून आलेली नाही. सिक्युरिटीचं अपडेट वेगळं हवं म्हणतात ते ह्याचसाठी. ५० एमबीची दुरुस्ती आणि तीन जीबीचं नवीन रूपडं एकाच बटणाखाली ठेवलं की माणूस दोन्हीला घाबरतो.

आणि हे आता फक्त पोरांच्या गेमचं राहिलेलं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चणे-मणे विकणारी बाई, सकाळी सायकलवरून हॉर्न वाजवत येणारा पोदेर म्हणजे पाववाला, मासळीवाली, सगळ्यांकडे क्यूआर कोड, सगळ्यांचा गल्ला फोनात. गावातल्या कुठल्याही म्हातारीचं पेन्शन, आधारचा ओटीपी, बँकेचं ॲप, सगळं त्याच एका फोनवर, आणि तो फोन बहुतेक वेळा नातवाने वापरून जुना झाला म्हणून आजीकडे आलेला. म्हणजे घरात ज्याला फसवणं सगळ्यात सोपं त्याच्या हातात सगळ्यात जुनं सॉफ्टवेअर.

सरकारला हे जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणू नये. २०१६ मध्ये नियम काढून १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला पॅनिक बटण सक्तीचं केलं. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने कंपन्यांना आदेश दिला की ९० दिवसांत नवीन फोनमध्ये संचार साथी हे मोबाईल चोरी-फसवणुकीच्या तक्रारीचं सरकारी ॲप घाला, आणि जे फोन तयार होऊन बाजारात गेलेत त्यांच्यात सॉफ्टवेअर अपडेटने पाठवा. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली, ते बरं झालं. पण कागदावर लिहिलेलं होतं की अपडेटने पाठवा, ९० दिवसांत पाठवा! म्हणजे अपडेट काय असतं, ते कुणाच्या हातात असतं आणि त्याला मुदत घालता येते हे खात्याला नीट माहीत आहे. फक्त ती मुदत ग्राहकासाठी अजून कधी घातली नाही.

नवीन कायदाही नको. बॉक्सवर एमआरपी, तयार केल्याचा महिना-वर्ष, कुठल्या देशात बनला आणि तक्रारीचा पत्ता छापावा लागतो तो २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांमुळे. त्यातच एक ओळ वाढवा, सिक्युरिटी अपडेट अमुक महिन्यापर्यंत. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पन्नास हजारांच्या फोनवर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून फोन बनवणाऱ्याला किमान किती काळ सिक्युरिटी अपडेट मिळणार ते जाहीर करावंच लागतं. ही तारीख छापली की सुटकेसमधून आलेल्या फोनचाही हिशोब लागतो, सेकंडहँड फोनची किंमतही त्यावर ठरेल, दुकानवाला आणि गिऱ्हाईक दोघांनाही कळेल की आपण किती वर्षांचा माल घेतोय.

कंपन्या म्हणणार खर्च वाढेल, स्वस्त फोन महाग होतील, मीडियातले त्यांचे लोक लगेच गरिबाच्या नावाने गळा काढतील. त्यांना एकच विचारायचं. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू आहे, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं अपडेट फुकट, सिक्युरिटीचं मूळ अपडेट बाहेर पडल्यापासून चार महिन्यांत आणि बाकीचं सहा महिन्यांत फोनवर पोचलं पाहिजे. त्या नियमाच्या शब्दांत पळवाट शोधणारे तिथेही निघाले, पण मोठ्या कंपन्या मुकाट्याने तयारीला लागल्या. सॅमसंग-गुगल तर महागड्या फोनना त्याच्या आधीच सात वर्षं द्यायला लागले होते. म्हणजे तीच चिप, तोच फोन, त्याच्यासाठी लिस्बनमधल्या गिऱ्हाईकाला अपडेट बनवून तपासून दिलं जाणारच आहे. तेच पणजीतल्या गिऱ्हाईकाला पाठवायला वरचा खर्च किती येतो, तो आकडा कंपन्यांनी एकदा जाहीर करावा.